शिक्षणमंत्र्यांना खुलं पत्र: अक्षराचा तास राहू द्या

मा. शिक्षणमंत्री,
सप्रेम नमस्कार.

परवा आईची जुनी फोन डायरी सापडली. नंबर सगळे केव्हाच मोबाईलमधे गेलेत, पण तिचा तो ह, शेपटी पार खालच्या ओळीत उतरलेली, तो दिसला आणि मी पानं उलटतच बसलो. कुठलं नाव घाईत लिहिलंय आणि कुठलं निवांत बसून, हे अजूनही कळतं.

मुलांच्या हातात टॅबलेट आले, आता अक्षराचा तास कशाला, असं हल्ली सगळीकडे ऐकू येतं. साहेब, तो तास काढू नका. फिनलंडने 2016 मधे जोडून लिहिण्याची (कर्सिव्ह) सक्ती काढली (सुटं हस्ताक्षर मात्र ठेवलं), आणि तिकडे कॅलिफोर्नियाने 2024 पासून तेच कर्सिव्ह लिखाण कायदा करून परत शाळेत आणलं. नॉर्वेमधल्या संशोधकांनी विद्यापीठातल्या 36 विद्यार्थ्यांच्या डोक्याला सेन्सर लावून बघितलं तर हाताने लिहिताना मेंदूचे वेगवेगळे भाग एकमेकांशी कितीतरी जास्त जोडलेले दिसले, टाईप करताना तसं दिसलं नाही. आणि ते विद्यार्थी कागदावर नाही, स्क्रीनवरच डिजिटल पेनने लिहीत होते! म्हणजे भांडण स्क्रीनशी नाहीच, हाताला प्रत्येक अक्षराचं वळण वेगळं घ्यावं लागतं ते महत्त्वाचं, कीबोर्डवर क काय आणि ज्ञ काय, बोट तसंच आपटतं.

पण नुसता तास ठेवूनही भागणार नाही. अक्षर वाईट म्हणून दहा पानं काढून आण, ही आपली पद्धत, म्हणजे जी गोष्ट आवडायला हवी तीच शिक्षा. चुकीच्या वळणाने दहा पानं लिहिली की ते चुकीचं वळणच पक्कं होतं हो. त्यापेक्षा पोरांना एकदा कट निबचं (रुंद, कापलेल्या टोकाचं) पेन द्या, निब एकाच कोनात धरून नुसता अ काढू द्या, जाड रेघ आपोआप बारीक होत जाते ते बघून मूल स्वतःच दुसरा अ काढतं, कुणी सांगावं लागत नाही. मी बघितलंय हे. अरबी सुलेखनासाठी 16 देश एकत्र येऊन युनेस्कोकडे गेले आणि 2021 मधे ते वारशाच्या यादीत आलं, इतकी ही कला लोकांना जवळची वाटते.

तर मागणी एवढीच, पहिली-दुसरीच्या शिक्षकांना अक्षराच्या वळणाचं नीट ट्रेनिंग द्या आणि अक्षराला मार्क ठेवू नका. त्या ट्रेनिंगमधे डावखुऱ्या मुलांची वही कशी तिरकी ठेवायची हे पण घ्या, त्यांचा हात ओल्या शाईवरून फिरतो, पान खराब होतं आणि वर बोलणीही त्यांनाच बसतात.

आपला,
एक पालक