सोन्याच्या लेखात उन्हाचा पत्ता नाही

मा. संपादक,
स. न. वि. वि.

सोन्याचे कण आणि लेझर वापरून कर्करोगाची गाठ जाळण्यावरचा, कालच्या आरोग्य पानावरचा लेख वाचला. सोबत सोन्याच्या बिस्किटांचा फोटो पाहून सौ. म्हणाली, "हे इंजेक्शन घ्यायचं तर आधी बँकेतल्या पाटल्या सोडवाव्या लागतील." इतक्या बारीक सोन्याचा द्राव पिवळाधमक नसतो, बहुधा लालसर दिसतो, एवढे तरी फोटो निवडणाऱ्याने विचारून घ्यायचे. प्रोस्टेटच्या कर्करोगावर या उपचाराच्या अमेरिकेतल्या ज्या चाचणीचे एवढे कौतुक, तिचा २०१९ चा अहवाल अवघ्या १६ रुग्णांचा. तो आकडा आपण शेवटून दुसऱ्या ओळीत दडवला आहे. असो.

माझा राग वेगळा आहे. लेखकमहाशयांनी सोन्याचे कण तापवून गाठ जाळणे आणि प्रकाशाने औषध जागे करणे यांची एकच खिचडी केली. दुसऱ्या प्रकारात औषध अंगात असेपर्यंत ऊन टाळावे लागते. गोव्यातल्या वर्तमानपत्रात त्यावर एक ओळ नसावी?

गेल्या एप्रिलमध्ये सौ.च्या डोळ्याला हाच दुसरा उपचार झाला. पडद्यामागच्या रक्तवाहिन्या बिघडल्या होत्या. व्हर्टेपोर्फिन नावाचे औषध, तेही चरबीच्या अतिसूक्ष्म पिशव्यांत भरलेले, हाताच्या शिरेतून दिले आणि मग ८३ सेकंद लाल लेझर. दुखले-खुपले काही नाही. खासगी इस्पितळातल्या मुलीने हसून बिल दिले, काळा चष्मा दिला आणि "या आता" म्हणाली. बाहेर आलो तेव्हा बारा वाजून गेले होते. थांब्याला छप्पर नाही आणि बस चाळीस मिनिटे आली नाही. "अहो, हात भाजतोय," असे ती दोनदा म्हणाली. मी म्हटले, एप्रिल आहे, सगळ्यांचेच भाजतात! रात्री कोपरापासून बोटांपर्यंत हात लालभडक झाला, सकाळी फोड.

फोन केला तर उत्तर मिळाले, "कागदावर लिहिलं आहे ना?" कागद होता. बिलाच्या मागे टाचलेला, इंग्रजीत, मुंगीएवढ्या अक्षरांत. तो आम्ही पाहिला तिसऱ्या दिवशी, मेडिक्लेमसाठी बिल शोधताना. तोवर शेजारणीच्या सल्ल्याने खिडक्यांवर चादरी लावून सौ.ला अंधारात बसवली होती. कागद वाचला तर उलटेच! पाच दिवस ऊन आणि प्रखर दिवे टाळा, पण काळोखात बसू नका. घरातल्या साध्या उजेडाने त्वचेतले औषध हळूहळू निकामी होते. भाच्याने आणलेले महागडे सनस्क्रीनही फुकट गेले. ते अतिनील किरण अडवते आणि हे औषध साध्या दिसणाऱ्या प्रकाशानेच चेतते. पूर्ण बाह्यांचा जाड सदरा आणि हातमोजे हाच उपाय. घरात मोजे होते, ते पायाचे.

उपचाराबद्दल माझी तक्रार नाही. डोळा बरा आहे, आणि काल आपला लेख तिनेच मला वाचून दाखवला. पण डॉक्टर सांगत नाहीत, कागद इंग्रजीत, आणि मराठी वर्तमानपत्राने निदान ‘घरी जाताना डोक्यापासून बोटांपर्यंत झाकून जा’ एवढे छापायचे, तर तिथे बिस्किटे!

जाता जाता. त्या थांब्याचे छप्पर मागल्या पावसाळ्यातच उडाले होते. त्यावर मी तेव्हाच आपल्याला पत्र लिहिले होते, ते छापून आले नाही. दप्तरात सापडले तर आता छापावे. मजकूर बदलायची गरज नाही, छप्पर अजून बसवलेले नाही.

आपला,
एक जुना वाचक, डिचोली