दारूच्या व्यसनाचे उपचार बाजाराच्या दिवशी, नेहमीच्या ओपीडीत: आरोग्यमंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
मा. सार्वजनिक आरोग्यमंत्री,
महाराष्ट्र राज्य, मुंबई

महोदय,

वर्ध्यात १९७५ पासून आणि गडचिरोलीत १९९३ पासून दारूबंदी आहे; चंद्रपूरची २०१५ ची बंदी २०२१ मध्ये उठली. बंदी असावी की नसावी, हा वाद या पत्रात नको. मोहाची दारू तिन्हीकडे मिळते आणि रोज पिणारा माणूसही तिन्हीकडे आहे. २०१९ च्या राष्ट्रीय पाहणीनुसार दारूवाचून राहू न शकणाऱ्या ३८ जणांमागे जेमतेम एकाला काही उपचार मिळतात. जिल्ह्याच्या गावी केंद्र काढून हे भागत नाही. मजुरी बुडवून, काळीपिवळीचे भाडे भरून माणूस एकदा येतो. दुसऱ्या खेपेला येत नाही.

म्हणून मागणी एकच. प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्रात आठवड्यातून एकदा, बाजाराच्या दिवशी, नेहमीच्या ओपीडीतच हे उपचार व्हावेत. तोच केसपेपर, तीच रांग. दारावर ‘व्यसनमुक्ती’ची पाटी लागली की लोक लांबून जातात, बीपी-शुगर दाखवायला मात्र कोणी लाजत नाही. वेळ सकाळचीच ठेवा, दुपारनंतर बाजारात दारूचाही बाजार असतो.

माणूस शोधायला नवी योजना नको. आशाताई तिशीपुढच्यांचा सीबॅक (आजारांचा धोका तपासणारा) फॉर्म भरतात, त्यात दारू-तंबाखूचा प्रश्न आहेच. खूण होते, कागद फाइलला लागतो. त्या खुणेवरून समुदाय आरोग्य अधिकाऱ्याने ‘ऑडिट’ या दारूविषयीच्या प्रश्नावलीचे पहिले तीन प्रश्न विचारले की पुढे कोणाला पाठवायचे ते कळते. खर्ऱ्याचेही (तंबाखू-सुपारीचे) तिथेच विचारावे.

खरा घात दारू एकाएकी तुटल्यावर होतो. ६ ते २४ तासांत हात कापू लागतात, पहिल्या दोन दिवसांत झटके येऊ शकतात, दोन ते चार दिवसांत काहींना भास होतात. घरचे बाहेरची बाधा समजून भलतीकडे नेतात. दवाखान्यात आणलाच, तर अशक्तपणा म्हणून ग्लुकोजची बाटली लागते. अंगात थायमिन (बी-१ जीवनसत्त्व) नसताना नुसते ग्लुकोज गेले तर मेंदूला कायमची इजा होऊ शकते. आधी थायमिनचे इंजेक्शन, मग ग्लुकोज: हा क्रम प्रत्येक सिस्टरला पाठ हवा आणि थायमिन केंद्राच्या मागणीपत्रात हवेच.

दारू तुटल्यावरचा हा त्रास आवरणारे डायझेपाम डॉक्टरांनीच सुरू करावे आणि आठवडाभरात मात्रा उतरवत बंद करावे. आठवड्याच्या गोळ्या एकदम हाती देऊ नयेत. दारूवर त्या घेतल्या तर श्वास मंदावतो. दोन-तीन दिवसांच्या द्याव्यात, त्याही घरच्यांकडे. लिव्हर बिघडले असेल तर त्याऐवजी लोराझेपाम बरे. पूर्वी झटके किंवा भास झालेल्याला घरी ठेवूच नये, ग्रामीण रुग्णालयात भरती करावे. हातभट्टीवर धाड पडते तेव्हा त्याच दिवशी आरोग्य केंद्राला फोन जायला हवा, कारण दोन दिवसांत त्या गावातून पेशंट येणार असतात.

नंतरची, दारूची ओढ कमी करणारी नाल्ट्रेक्सोनसारखी औषधे महिनोन्‌महिने चालतात, तीही केंद्रातच मिळावीत. ती न मिळाल्यानेच कोणी नवऱ्याला न सांगता डायसल्फिराम हे दारू सोडवण्याचे औषध भाजीत कालवते. त्यावर दारू पडली तर जिवावर बेतते.

व्यसनमुक्ती केंद्रे सामाजिक न्याय विभागाकडे, दवाखाने आपल्याकडे. तिथून सुटलेल्या माणसाचे कार्ड त्याच्या आरोग्य केंद्राला मिळावे, एवढा आदेश दोन्ही विभागांनी मिळून काढावा. औषधांची पहिली खेप पोळ्याआधी यावी; त्यानंतर सोयाबीनचे पैसे हातात येतात आणि पिणे वाढते.

आपले,
ग्रामीण विदर्भात व्यसनोपचाराचे काम करणारे डॉक्टर, समुपदेशक आणि आशा