सुध्यास पत्र: इलिनॉयची म्हातारी

नेपरव्हिल, इलिनॉय
२८ सप्टेंबर

प्रिय सुध्या,

"अमेरिकेत जाऊन रुई लावतोस होय? मग इकडेच ये की, बांधावरची उपटायला माणूस मिळेना झालाय." तुझा हा टोमणा ऐकून फोनवर मी नुसता हसलो. पण तो काही डोक्यातून जाईना, म्हणून आज सविस्तर लिहायला बसलोय.

अरे, ही रुई नव्हे, रुईची चुलत बहीण. इथं हिला बटरफ्लाय वीड म्हणतात, म्हणजे नावातच तण आलं. गुडघाभर उंची, अरुंद पानं, आणि जून-जुलैत असा केशरी फुलोरा की झेंडूनं बघत राहावं. एक फूल डोळ्याजवळ धरलं तर रुईचाच तो मुकुट, फक्त मुगाएवढा. पान तोडलं तर मात्र पांढरा चीक येत नाही. भाऊबंदांना येतो, हिला नाही.

लावायला घेतली तेव्हा आधी फजितीच झाली. नर्सरीतून आणलेलं पहिलं रोप मी पन्हळीचं पाणी पडतं त्या कोपऱ्यात लावलं. आमच्याकडची माती चिकण, त्यात हिवाळाभर ओल. मूळ कुजून गेलं. पुढच्या खेपेला वाळू-खडी घालून उंचवटा केला आणि त्यावर लावलं. पुढचा एप्रिल गेला, निम्मा मे गेला, बाकी सगळं हिरवंगार झालं तरी हिचा पत्ता नाही. मेली समजून खुरपं घातलं, तर खाली टपोरा कोंब, माझ्याच हातानं दोन तुकडे झालेला! ही बाई उशिराच उठते, हे कुणी सांगायचं? आता जागेवर काडी रोवून ठेवतो. सोटमूळ खोल जात असल्यामुळे एकदा बसली की हलवायचं नावही काढायचं नाही.

शेवटी बियांपासून केली. थंडी खाल्ल्याशिवाय हे बी नीट रुजत नाही, म्हणून ओल्या वाळूत कालवून दोन महिने फ्रिजमध्ये ठेवलं. आई तेव्हा इथंच होती. ओवा समजून तिनं डबी उघडली, चिमूट तोंडात टाकली आणि दुपारपर्यंत माझ्याशी बोलली नाही. फुलं आली ती तिसऱ्या उन्हाळ्यात.

आता तू विचारशील, एवढा खटाटोप कशाला? तुझ्या दारात तो हिरवा-पिवळा ट्रॅक्टर आहे ना, त्याचा मूळपुरुष जॉन डिअर इथलाच, ग्रँड डिटूर नावाच्या गावातला लोहार. ही बाई मूळची प्रेअरीतली, म्हणजे इथल्या गवताळ माळरानातली. त्या प्रेअरीची काळी माती बिडाच्या नांगराला चिकटायची, चार पावलांवर थांबून खरवडावी लागायची. १८३७ साली त्यानं गुळगुळीत पोलादाचा फाळ केला आणि माती आपोआप सुटू लागली. मग काय, जिकडेतिकडे मका. इलिनॉयमध्ये एकेकाळी २ कोटी २० लाख एकर प्रेअरी होती. तिच्यातली अस्सल, न बिघडलेली आज जेमतेम अडीच हजार एकर उरलीय. तरी अजून 'प्रेअरी स्टेट' म्हणूनच मिरवतात! माझा वाफा पलंगाएवढा. त्यानं काय फरक पडणार, मला ठाऊक आहे.

पण ऑगस्टमधली एक सकाळ सांगतो. चहा घेऊन वाफ्यापाशी गेलो. शेंड्यावर पिवळा मावा खच्चून भरलेला, तुमच्याकडे रुईवर, कण्हेरीवर असतो तोच. वैतागून पान उलटलं, तर खाली मोनार्क फुलपाखराची अळी. काळे-पांढरे-पिवळे पट्टे, आणि पानाची कड कातरत अशी चाललेली जणू आजोबा कणीस खातायत. मावा मी ओल्या बोटांनी पुसून काढला, औषध मारलं नाही. सप्टेंबरात पंख फुटणारी पिढी इथून थेट मेक्सिकोच्या डोंगरात जाऊन हिवाळा काढते.

आज पहिली शेंग तडकली. आत माशाच्या खवल्यांसारख्या तपकिरी बिया, प्रत्येकीला रेशमी झुबका. फुंकर मारली आणि सुध्या, म्हातारी! मारुतीच्या देवळामागे आपण पकडायला धावायचो ना, अगदी तीच. पोरगी विचारत होती, "म्हातारी का म्हणायचं?" मी म्हटलं, केस बघ की.

तेव्हा विहिरीजवळची रुई एवढ्यात तोडू नकोस. शनिवारी हारासाठी पानं काढशील तेव्हा उलटून बघ. अशीच पट्टेरी अळी दिसेल, त्या केशरी प्लेन टायगर फुलपाखराची. मोनार्कच्या अळीला काळ्या शिंगांच्या दोन जोड्या असतात, तुमच्या अळीला तीन असायला हव्यात. मोज आणि फोटो पाठव.

वहिनींना नमस्कार.

तुझा,
अन्या