मागाच्या घरात जन्मलेली गाडी

नागोया,
१६ नोव्हेंबर २०२५

ती. अण्णा आणि ती. आईस,
सा. न. वि. वि.

फराळाचा डबा मंगळवारी पोचला. चकल्या बऱ्याचशा शाबूत आहेत, करंज्यांचा थोडा भुगा झाला, पण तो मी दुधात घालून खाल्ला. घरमालकीण आजींना कडबोळी दिली. त्यांनी एक खाऊन बघितलं आणि बाकीची कागदात गुंडाळून मुलीसाठी ठेवली. आई, तुला त्यांनी नमस्कार सांगितलाय.

अण्णा, गेल्या रविवारी फोनवर तुम्ही विचारलंत, "सचिन जुनी इनोव्हा घ्यायची म्हणतोय. दोन लाख किलोमीटर पळालेली गाडी, आणि किंमत बघितली तर डोळे फिरायची वेळ. एवढं काय आहे रे त्या टोयोटात? तू तिथंच आहेस, सांग की." मी तेव्हा हो-हो करून फोन ठेवला. उत्तर दोन मिनिटांत सांगण्यासारखं नव्हतं. आज सुट्टी आहे, बाहेर पाऊस आहे, म्हणून सविस्तर लिहायला बसलो.

पहिली गोष्ट अशी, की टोयोटा मूळची मागवाल्यांची. आपल्यासारख्यांची.

मला इथं येऊन दीड वर्ष झालं तरी हे नीट माहीत नव्हतं. आपल्या इचलकरंजीत नव्या शेडमध्ये टोयोटाचे एअरजेट माग, म्हणजे हवेच्या झोताने धागा नेणारे, आहेत हे ठाऊक होतं, पण मला वाटायचं मोठी कंपनी आहे, गाड्यांबरोबर मागही करत असेल. खरं उलटं आहे. आधी माग, मागून गाडी. नागोयात साको स्टेशनजवळ लाल विटांची जुनी सूतगिरणी आहे, १९११ सालच्या जागेवरची. तिथं आता टोयोटाचं संग्रहालय आहे. गेल्या महिन्यात मी गेलो. गाड्या बघायला म्हणून गेलो आणि सगळी सकाळ मागांच्या दालनातच गेली. आत पाऊल टाकलं आणि तोच वास, अण्णा. तेल, सूत आणि तापलेलं लोखंड. एका बाईंनी माग चालू केला आणि तो आवाज कानावर पडल्यावर मला क्षणभर आपल्या शेडच्या दारात उभा असल्यासारखं झालं.

साकिची टोयोडा हा सुताराचा मुलगा. १८६७ साली शिझुओकाकडच्या एका खेड्यात जन्मला. आई हातमागावर विणायची, ते कष्ट बघून त्याने मागाचा ध्यास घेतला असं इथं सगळे सांगतात. एका हाताने चालवता येईल असा लाकडी हातमाग त्याने केला, १८९१ मध्ये त्याचं पेटंट मिळालं, तेव्हा तो चोवीस वर्षांचा होता. मग वाफेवर चालणारा माग केला. आई, तुला हे वाचून बरं वाटेल. आडवा धागा इकडून तिकडे नेणाऱ्या धोट्यात सुताची नवी कांडी घातली की भोकातून धागा तोंडाने ओढून घ्यायचा, हे इथल्या बायकाही करायच्या. सुताची धूळ छातीत जायची. साकिचीने धागा आपोआप ओवला जाईल असा धोटा काढला. तो धोटा तिथं काचेत ठेवलाय. मी त्याच्यासमोर बराच वेळ उभा होतो. तुझा हिवाळ्यातला खोकला आठवला.

पण मुख्य माग १९२४ चा. जी टाइप म्हणतात त्याला. अण्णा, हा तुम्ही बघायला हवा होता. आपल्या साध्या मागावर कांडी संपली की माग थांबवा, धोटा काढा, कांडी बदला, परत चालू करा. दिवसातून किती वेळा, ते तुम्हालाच माहीत. आणि आडवा धागा तुटला तर माग थांबतो, पण उभा तुटला तर? तो तसाच विणत राहतो. कामगाराचं लक्ष गेलं तर ठीक, नाही तर दोन-तीन मीटर चीर पडून बसते. जी टाइपला दोन्हीवर इलाज आहे. कांडी संपत आली की माग न थांबता, पूर्ण वेगात, भरलेला धोटा आत येतो आणि रिकामा बाहेर पडतो. डोळ्याची पापणी लवेपर्यंत झालेलं असतं. आणि उभ्या धाग्यांवर पातळ पत्र्या तोललेल्या असतात. त्या बाईंनी माझ्यासमोर कात्रीने एक धागा तोडला. पत्री खाली पडली आणि माग जागच्या जागी थांबला.

मी त्यांना म्हटलं, परत एकदा दाखवा. त्यांनी तीन वेळा दाखवलं.

आपण खर्चीवाले. सूत व्यापाऱ्याचं, उभ्या धाग्यांचं बीम व्यापाऱ्याचं, आपली फक्त मजुरी. आणि कापडाचा तागा घडी करून गेला की तिकडून फोन यायचा, एवढा माल खराब, एवढे पैसे कापले. त्या रात्री तुम्ही जेवायचा नाहीत. एका न थांबलेल्या मागामुळे. मला ते सगळं त्या पडणाऱ्या पत्रीत दिसलं. जपानीत या तत्त्वाला जिदोका म्हणतात. 'आपोआप' या अर्थाच्या शब्दातल्या एका अक्षराला त्यांनी माणसाची खूण जोडली आहे. म्हणजे यंत्र नुसतं आपोआप चालायचं नाही, चूक झाली तर माणसासारखं ओळखून थांबायचं. असा माग असला की माणसाला त्याच्या डोक्यावर उभं राहावं लागत नाही. आपल्याकडे एकाला चार माग, फार तर आठ. त्या मागांवर एक कामगार तीसच्या वर माग सांभाळायचा.

१९२९ मध्ये इंग्लंडच्या प्लॅट ब्रदर्सने या मागाच्या पेटंटासाठी एक लाख पौंडांचा करार केला. प्लॅट म्हणजे कापडयंत्रं बनवणारी तेव्हाची जगातली बडी पेढी, आपल्याकडच्या गिरण्यांतही त्यांचीच यंत्रं असायची. एका सुताराच्या पोराचा माग त्यांनी विकत घ्यावा! पुढच्याच वर्षी साकिची वारला. त्याचा मुलगा किइचिरो याच्या डोक्यात मोटार शिरली होती. १९३३ मध्ये त्याने कारियातल्या मागाच्या कारखान्यातच एक मोटार विभाग काढला. मी नोकरीला जातो तेच हे कारिया.

आता एक सांगतो, जे लोक सहसा सांगत नाहीत. त्यांच्या पहिल्या गाड्या चांगल्या नव्हत्या. १९३५ चा त्यांचा पहिला ट्रक, जी वन, तोक्योला दाखवायला नेतानाच वाटेत बिघडला. गिऱ्हाइकांकडे गेलेले ट्रकही वरचेवर बंद पडायचे. मग कंपनीची माणसं, खुद्द किइचिरोसुद्धा, ट्रक जिथं पडला असेल तिथं जायचे, दुरुस्त करायचे आणि काय तुटलं ते बघून कारखान्यात तो भाग बदलायचे. १९३६ मध्ये मोटार आली, १९३७ मध्ये वेगळी कंपनी झाली. टोयोडाचं टोयोटा झालं ते त्याच सुमारास. जपानी लिपीत टोयोटा लिहायला आठ फटकारे लागतात आणि आठ इथं शुभ मानतात. १९५० मध्ये कंपनी बुडायला आली, संप झाला, माणसं कमी करावी लागली आणि त्याची जबाबदारी घेऊन किइचिरोने राजीनामा दिला. दोन वर्षांत तो गेला, वय सत्तावन्न. कोरोल्ला त्याने बघितलीच नाही. ती १९६६ ची. आजवर पाच कोटींच्या वर विकली गेली.

आणि ज्या माणसाने कारखान्याची सगळी घडी बसवली, ताइइची ओनो, तो आधी टोयोडाच्या सूत-कापडाच्या कंपनीत होता. १९४३ मध्ये मोटारीकडे आला. मोटारीचा कारखाना त्याने मागवाल्याच्या नजरेने बघितला. जेवढं लागेल तेवढंच आणा, साठा करून ठेवू नका, आणि चूक दिसली की थांबा.

हे थांबणं मी स्वतः अनुभवलंय, म्हणून विश्वासाने लिहितो. आमचा कारखाना छोटा, सीटखालची सरकपट्टी बनवतो. प्रत्येकाच्या डोक्यावर एक दोरी असते. काही चुकलं की ओढायची, वरचा दिवा लागतो. या दिव्याला आन्दोन म्हणतात, म्हणजे कागदी कंदील. मी लागून तीन आठवडे झाले होते. एक बोल्ट आवळताना हाताला वेगळा लागला. दिसायला ठीक होता. ओढू की नको, ओढू की नको, करत शेवटी ओढली. आमचे लीडर धावत आले. मी मान खाली घालून उभा राहिलो. त्यांनी बोल्ट काढला, आटे बघितले, खोक्यातले बाकीचे काढले, त्यातले आणखी चार तसेच निघाले. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "अरिगातो." धन्यवाद. अण्णा, आयुष्यात पहिल्यांदा मला चूक दाखवल्याबद्दल कुणी धन्यवाद म्हटलं.

तर सचिनच्या दोन लाख किलोमीटरचं उत्तर इथं आहे. लोक टोयोटासाठी जास्त पैसे मोजतात ते दिसण्यासाठी नव्हे. तिच्याहून देखण्या गाड्या ढीगभर आहेत, तिच्याहून वेगवान आणि आत जास्त नखरे असलेल्याही. लोक पैसे मोजतात ते सकाळी चावी फिरवली की गाडी चालू होईल या खात्रीसाठी. बंडूदादाला विचारा. २००० साली टोयोटाची क्वालिस आली तेव्हा सगळे तिला डबा म्हणायचे. त्याने तीच घेतली, मग २००५ नंतर इनोव्हा. कोल्हापूर-मुंबई लग्नाची भाडी, पंढरपूर, तिरुपती. चार लाख किलोमीटरच्या वर नेली आणि विकताना घ्यायला तिघे दारात उभे होते. घाटात भरलेली गाडी घेऊन जाणाऱ्या माणसाला यापेक्षा दुसरं काय हवं असतं? ती इनोव्हा ट्रकसारखी चासीवर, म्हणजे खालच्या लोखंडी सांगाड्यावर, बांधलेली, हायलक्स आणि फॉर्च्युनर ज्या घराण्यातल्या त्याच घराण्यातली, म्हणून आपल्या रस्त्यांना पुरून उरली. नवी इनोव्हा हायक्रॉस तशी नाही, तिची बांधणी वेगळी आहे. आणि भारतात या गाड्या बनवायला टोयोटाने हात धरला तो किर्लोस्करांचा, १९९७ मध्ये. म्हणजे आपल्या किर्लोस्करवाडीच्या घराण्याचा. मला याचा फार अभिमान वाटतो.

इथल्या आमच्या आजींकडे आजोबांनी १९९८ मध्ये घेतलेली कोरोल्ला आहे. आजोबा जाऊन सहा वर्षं झाली. दर दोन वर्षांनी इथं सरकारी तपासणी असते, जुनी गाडी ठेवणं स्वस्त पडत नाही, मुलगी विकून टाका म्हणते. आजी ऐकत नाहीत. नवीन वर्षाला गाडीच्या तोंडावर भाताच्या पेंढ्याचं तोरण बांधतात. आपण खंडेनवमीला मागाला झेंडूचा हार घालतो, अगदी तसं. मी तोरण बांधायला मदत केली तेव्हा आजींनी बॉनेटवर हात ठेवला आणि काहीतरी हळू बोलल्या. मी विचारलं नाही.

सगळं गोड लिहिलं तर तुम्ही म्हणाल पोरगं कंपनीचं झालं. तसं नाही. २०१० च्या सुमारास जगभरातून लाखो गाड्या परत बोलवाव्या लागल्या आणि साकिचीच्या पणतवाला, आकिओ टोयोडाला, अमेरिकेच्या संसदेसमोर माफी मागावी लागली. आणि गेल्या वर्षी जानेवारीत जे झालं ते मला जास्त लागलं. डिझेल इंजिनांच्या प्रमाणपत्राच्या चाचणीत गडबड केल्याचं उघड झालं. इनोव्हा क्रिस्टा, फॉर्च्युनर यांचीच इंजिनं. आपल्याकडेही काही दिवस गाड्या पाठवणं थांबलं होतं. आणि इंजिनं बनवणारी कंपनी कुठली? तीच, साकिचीच्या मागांची. इंजिनं वापरायला सुरक्षित होती, पण चाचणीत खोटेपणा झाला होता. ज्यांनी उभा धागा तुटला की थांबायला जगाला शिकवलं, त्यांच्याच घरात धागा तुटला आणि कुणी दोरी ओढली नाही. आमच्या कारखान्यात त्या आठवड्यात कुणी मोठ्याने बोलत नव्हतं, असं जुनी माणसं सांगतात.

तरी माझं मत, सचिनने गाडी घ्यावी. पण घाई नको. अडीच लिटरचं जुनं डिझेल असेल तर टायमिंग बेल्ट कधी बदलला ते विचारा, कागद दाखवा म्हणा. नुसत्या तोंडी शब्दावर विश्वास नको. मीटरचा आकडा आणि सर्व्हिसच्या नोंदी जुळतात का बघा. थंड इंजिन सकाळी स्वतः चालू करून धूर बघा. खालून चासीला गंज आहे का, वेल्डिंग केलंय का, ते पिटावर चढवून बंडूदादाला बघू दे. आणि अण्णा, तुम्ही बरोबर जा. तुम्हाला मागाचा आवाज ऐकून कळायचं कुठला बोल्ट ढिला झालाय. गाडीचाही कळेल.

आपली जुनी मारुती विकू नका मात्र. सुझुकीचा मिचिओ सुझुकीही मागवालाच होता. १९०९ मध्ये हामामात्सूत त्याने मागाचा कारखाना काढला, साकिचीच्या गावापासून फार लांब नाही. म्हणजे आपल्या दारात पहिल्यापासून मागवाल्याचीच गाडी उभी आहे.

एक काम आहे. संग्रहालयातल्या त्या बाईंना मी सांगितलं की माझे वडील अजून साधे माग चालवतात. त्यांनी दोन्ही हात तोंडावर नेले. मग विचारलं, तुमच्याकडचा धोटा किती लांब असतो, टोक पितळी की लोखंडी, लाकूड कुठलं. मला नीट सांगता येईना. लहानपणापासून बघितलेली वस्तू, आणि लाकडाचं नाव ठाऊक नाही. जानेवारीत पाटलांचा मुलगा इकडे येणार आहे. त्याच्याबरोबर आपल्या तीन नंबरच्या मागावरचा जुना धोटा पाठवा, तो तुमच्या अंगठ्याने एका बाजूला झिजलेला. नवा नको. सोबत एक भरलेली कांडीही द्या.

आईच्या गुडघ्याचं डॉक्टर काय म्हणाले ते कळवा. सचिनला आशीर्वाद.

तुमचा,
महेश

ता. क. धोटा पुसून, तेल लावून पाठवू नका. आहे तसाच हवा.