तीस बोअरचं बत्तीस करायच्या भानगडीत पडू नका

मा. संपादक साहेब, सप्रेम नमस्कार.

बीडच्या शस्त्र परवान्यांचा विषय गाजला तेव्हापासून आमच्या उदगीर-लातूर भागात पण ज्यांच्या घरी जुनं लायसनचं हत्यार आहे ती मंडळी जरा हादरलीत. कोण म्हणतं ठाण्यात जमा करा, कोण म्हणतं विकून मोकळे व्हा, अन् आता एक नवीनच फॅड निघालंय, ते म्हणजे जुन्या पिस्तुलाचं बोअर, म्हणजे नळीच्या आतलं माप, बदलून घ्यायचं म्हणजे स्वस्तातली गोळी चालती. आमच्या पाहुण्यांतच हे घाटतंय म्हणून लिहितोय.

त्यांच्याकडं आजोबांच्या वेळचं, निजामाच्या राज्यातलं माउझर आहे. सी-९६ म्हणतात ते, ट्रिगरच्या पुढं चौकोनी मॅगझिन, मागं गोल लाकडी मूठ, दहा गोळ्या पट्टीनं वरून दाबून भरायच्या. जर्मनीत १८९६ ला निघालं. १९१४ ला कलकत्त्यात रोडा या बंदुका विकणाऱ्या कंपनीच्या मालातून क्रांतिकारकांनी ५० पिस्तुलं अन् ४६ हजार गोळ्या पळवल्या होत्या ती हीच माउझरं, अन् १९२५ ला काकोरीला पण हीच होती. म्हणजे वस्तू साधीसुधी नाही. पण गोळीचं काय, तर त्याची तीस बोअरची गोळी आपल्याकडं दुकानात सहज मिळत नाही, मिळाली तर बाहेरदेशची जुनी, अन् दहा गोळ्यांच्या पैशात घरातल्या लेकराची वर्षाची फी निघावी असला भाव. याउलट बत्तीस बोअरची गोळी आपल्या सरकारी कारखान्यातली, म्हणून परवडती. त्यामुळं पाहुण्यांच्या डोक्यात बसलं की माउझरचं बत्तीस करून टाकू.

त्यांना हे डोक्यात घालणारा एक लेथवाला आहे. तो म्हणतो तुमची गोळी ७.६३ मिलिमीटर, बत्तीसची ७.६५, फरक कितीचा, दोन पॉइंटचा, एका दिवसात करून देतो! अन् ऐकणाऱ्याला पण ते पटतं कारण आकडे बघितले तर खरंच शेजारी शेजारी दिसतात. पण साहेब तो आकडा नुसता नावाचा आहे हो. माउझरच्या काडतुसाची केस, म्हणजे दारू भरलेली पितळी नळी, २५ मिलिमीटर लांब अन् पुढं बाटलीसारखी निमुळती, बत्तीस पिस्तुलाची सरळ अन् फक्त १७ मिलिमीटरची. एक दुसरीच्या चेंबरमधे, म्हणजे काडतूस बसायच्या खाचेत, नीट बसणारच नाही. वरून माउझरची गोळी सेकंदाला चारशे मीटरच्या वर पळती, बत्तीसची तीनशेच्या आसपास. त्या पिस्तुलाचा बोल्ट मागं ढकलायला जो धक्का लागतो तो बत्तीसमधे नाहीच, म्हणजे एवढं सगळं करून एक गोळी उडंल अन् पिस्तूल अडकून बसंल. त्यात गंमत अशी की बत्तीस म्हणजे तरी कोणती, रिव्हॉल्वरची बत्तीस वेगळी अन् पिस्तुलाची बत्तीस वेगळी, दोन्हीला लोक बत्तीसच म्हणतात, अन् त्या लेथवाल्याला हे विचारलं तर त्यानं विषय बदलला.

अमेरिकेत हा प्रयोग होऊन बसलाय. तिकडं इंग्रजांची जुनी .४५५ ची वेब्ली रिव्हॉल्वरं स्वस्तात आली, तिची गोळी मिळंना म्हणून सिलिंडर, म्हणजे गोळ्यांचं फिरतं चाक, मागून घासून .४५ एसीपी ही तिकडं सहज मिळणारी पिस्तुलाची गोळी चालवायला लागले. वेब्लीच्या गोळीचा दाब साधारण १३ हजार पीएसआय (दाब मोजायचं माप), .४५ चा २१ हजारपर्यंत जातो. बरीच रिव्हॉल्वरं कामातून गेली, अन् आज न घासलेल्या वेब्लीला घासलेलीपेक्षा जास्त भाव मिळतो. म्हणजे गोळीचे पैसे वाचवायला गेले अन् हत्याराची किंमत घालवून बसले.

अन् आपल्याकडचा कायदा? १९५९ च्या शस्त्र कायद्यात हत्यारात बदल करायलाच लायसन लागतं, साधी दुरुस्ती करणाऱ्याला सुद्धा. २०१९ च्या दुरुस्तीनंतर विनापरवाना बदल केला तर कमीत कमी सात वर्षं, जास्तीत जास्त जन्मठेप. म्हणजे आजोबांनी कायद्यानं सांभाळलेलं हत्यार नातू लेथवर नेतो अन् गावठी कट्टेवाल्याच्या रांगेत जाऊन बसतो. लायसनवर बोअर तीस लिहिलेलं अन् हातात बत्तीस, पोलिसांना काय सांगणार?

पण साहेब, नुसतं पाहुण्यांना शिव्या घालून भागत नाही, कारण त्यांची अडचण खरी आहे. त्याच २०१९ च्या दुरुस्तीनं एका माणसाकडं तीनऐवजी दोनच हत्यारं राहिलीत, वारशात आलेलं पण त्यातच मोजतात. निवडणूक लागली की ठाण्यात जमा करा, तिथं ते मालखान्यात पोत्यांशेजारी पडून राहतं, अन् परत घ्यायला गेलं की मॅगझिनच्या कडेला तांबूस गंज चढलेला असतो, तो घरी बसून रॉकेलच्या चिंधीनं पुसायचा. या लोकांना गोळी झाडायचीच नाहीये हो, तेवढं फक्त आजोबांची वस्तू घरात ठेवायचीय.

त्याला मार्ग कायद्यातच आहे. कलम ४५ म्हणतं की जुन्या बनावटीचं किंवा पुरातन मोलाचं हत्यार, जे दुरुस्त करून सुद्धा चालणार नाही, त्याला हा कायदा लागूच नाही. मग ते "चालणार नाही" हे ठरवणार कोण, कुठं, अन् कागद कोण देणार, हे आमच्या तालुक्यात विचारलं तर कोणालाच सांगता येत नाही. इंग्लंडमधे १९८८ च्या कायद्यानं सोय झाली, कारागिरानं निकामी केलेलं हत्यार प्रूफ हाऊस, म्हणजे हत्यारं तपासणारी संस्था, बघून शिक्का मारतं, सर्टिफिकेट देतं, वस्तू घरात राहती. आपल्याकडं असा एक दिवसाचा कॅम्प प्रत्येक जिल्ह्याला ठेवायला काय जातंय? ज्यांना घरात नकोच त्यांच्यासाठी तेरचं लामतुरे संग्रहालय आहे, संभाजीनगरचं शिवाजी महाराज संग्रहालय आहे. चंद्रशेखर आझादांचं कोल्ट पिस्तूल प्रयागराजच्या म्युझियममधे लोक रांग लावून बघतात, त्याचं बोअर कोणी बदललेलं नाही.

तुमच्या पेपरनं जिल्हाधिकारी कार्यालयाला एवढंच विचारून छापावं की निकामी करायचा अर्ज कोणत्या शाखेत द्यायचा अन् फी किती. पाहुण्यांना मी सध्या कसंबसं थांबवलंय, पण तो लेथवाला रोज फोन करतोय.

आपला एक वाचक,
ता. उदगीर, जि. लातूर