विषय: काहीही न विचारता पाठवलेल्या शीघ्रपतनाच्या गोळ्या आणि त्यानंतरचा तुमच्या 'हेल्थ अ‍ॅडव्हायझर'चा फोन

प्रति,
तक्रार निवारण अधिकारी

काल संध्याकाळी तुमच्या माणसानं माझं बोलणं पुरं व्हायच्या आत फोन ठेवला, म्हणून आता लेखी कळवते आहे. ऑर्डरचे पैसे माझ्या खात्यातून गेले आहेत आणि बिलही माझ्याच नावाचं आहे. तेव्हा 'सरांना फोन द्या' हे उत्तर आता चालणार नाही.

शीघ्रपतनाच्या रुग्णाला डॉक्टर आधी काय विचारतात, हे तुम्हाला माहीत असायलाच हवं, कारण तुमचा धंदाच त्यावर चालतो. त्रास पहिल्या संबंधापासून आहे की मधेच सुरू झाला? पहिल्यापासूनचा असेल तर बहुतेक वेळा मिनिटभरात किंवा त्याआधीच वीर्यस्खलन होतं, माणसाला ते आवरता येत नाही. मधेच सुरू झालेल्या त्रासाची गोष्ट वेगळी. त्यामागे ताठरतेची अडचण, प्रोस्टेटची सूज, थायरॉईड, मनावरचा ताण असं काहीही असू शकतं आणि ते शोधावं लागतं. माझ्या यजमानांना लग्नानंतर इतकी वर्षं काहीच तक्रार नव्हती. गेल्या पावसाळ्यात ती सुरू झाली. तुमच्या अ‍ॅपवरच्या फॉर्मात वय आहे, वजन आहे, पत्ता आहे, पैसे कसे भरणार तेही आहे. 'कधीपासून' हा रकाना नाही. दुसरी कुठली औषधं चालू आहेत, हा रकानाही नाही.

दोन दिवसांत पोचेल म्हणालात, पोचलंही. डब्यावर 'पुरुष शक्ती' असं एवढ्या ठळक अक्षरांत छापलेलं, की आमच्या बिल्डिंगच्या चौकीदारानं तो उलटा धरून माझ्या हातात दिला. वर 'गोपनीय पॅकिंग'चे पैसे तुम्ही वेगळे लावलेत.

आत आयुर्वेदिक म्हणवणाऱ्या कॅप्सूल होत्या आणि डॅपॉक्सेटिन या शीघ्रपतनावरच्या गोळीची ६० मिलीग्रॅमची पट्टी होती. माहितीपत्रक नव्हतं. ही गोळी डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय द्यायची नसते. सुरुवात ३० मिलीग्रॅमपासून करतात. संबंधाच्या एक ते तीन तास आधी भरपूर पाण्याबरोबर घेतात. त्या दिवशी दारू नको. हृदयविकार असेल किंवा डिप्रेशनची औषधं चालू असतील तर ती घ्यायचीच नाही. एकदम उभं राहिलं की रक्तदाब उतरून माणूस कोसळू शकतो, म्हणून रक्तदाबाच्या रुग्णाला जपून द्यावी लागते. माझे यजमान रक्तदाबाची गोळी रोज घेतात. तुम्ही ते विचारलंच नाहीत. रात्री ते बाथरूमला जायला उठले आणि बेसिनच्या कडेवर पडले. उजव्या भुवईवर टाके पडले. मी टॉवेल दाबून धरला होता आणि ते मला सांगत होते, आईला उठवू नकोस.

दुसऱ्या दिवशी मी तुम्हाला फोन केला तो भांडायला नव्हे, पुढची गोळी घ्यायची की नाही एवढंच विचारायला. तुमचा माणूस म्हणाला, "मॅडम, सर को फोन दीजिए, ये मर्दों की बात है." मी दिला आणि स्पीकर चालू ठेवला. चक्कर कशी आली, किती लागलं, काही नाही. त्याचा पहिला प्रश्न होता, "सर, शादी से पहले हाथ की आदत थी?" यजमान गप्प. "बस, उसी से नसें ढीली हो गई हैं. चक्कर आया मतलब दवा लग रही है." मग सहा महिन्यांचा कोर्स, नसांचं तेल, आजच घेतलं तर सवलत. यजमान तरीही गप्प, तेव्हा तो म्हणाला, "सोच लीजिए सर, मॅडम कब तक बर्दाश्त करेंगी?"

मी तिथेच होते, यजमानांच्या शेजारी, कपाळावरची पट्टी बदलत. माझ्या तोंडचे शब्द म्हणून हे बोलायचा अधिकार तुमच्या पगारी माणसाला कोणी दिला? मी काय सोसते आणि काय नाही, हे माझा नवरा मला विचारेल. आणि हस्तमैथुनानं नसा ढिल्या होत नाहीत, ही भीती घालून पिढ्यान्‌पिढ्या लोकांना लुबाडलं गेलं आहे. भिंतीवर जाहिराती रंगवणारे वैदू हेच सांगायचे. तुम्ही ते अ‍ॅपवरून सांगता. मी फोन घेऊन तुम्ही पाठवलेल्या चिठ्ठीवर सही करणाऱ्या डॉक्टरांचा नोंदणी क्रमांक विचारला, तर म्हणे तो देता येत नाही. २०२० च्या टेलिमेडिसिन (म्हणजे फोन-अ‍ॅपवरून उपचार) मार्गदर्शक सूचनांप्रमाणे तो चिठ्ठीवरच असायला हवा. तुमच्या चिठ्ठीवर नुसता एक फराटा आहे.

त्या फोननंतर माझे यजमान कितीतरी दिवस माझ्या नजरेला नजर देत नव्हते. याची भरपाई तुम्ही कशी करणार?

शेवटी मीच त्यांना पलासियाला एका यूरॉलॉजिस्टकडे घेऊन गेले. डॉक्टरांनी आम्हा दोघांनाही बसवलं आणि पहिलाच प्रश्न केला, "हे कधीपासून?" बोलता बोलता त्यांचं लक्ष यजमानांच्या हातातल्या कागदाकडे गेलं. कागद थरथरत होता. छातीत धडधडतं का, वजन उतरलं का, घाम फार येतो का, असं विचारून त्यांनी रक्त तपासायला सांगितलं. थायरॉईड वाढलेला निघाला. त्याचे उपचार चालू आहेत आणि तो ताब्यात आला की हा त्रासही बहुधा कमी होईल, असं त्यांनी सांगितलं. तोवर थांबून पुन्हा सुरू करायची पद्धत शिकवली. जेम्स सीमन्स नावाच्या डॉक्टरांनी ती १९५६ साली मांडली, तिला एक पैसा लागत नाही. बधिरता आणणारं मलम असतं, काहींना डिप्रेशनवरची गोळी कमी मात्रेत रोज देतात, हेही त्यांच्याकडूनच कळलं. सगळं तपासून, गरज पाहून. तुमच्या तेलाचं नावही निघालं नाही.

तुमच्या जाहिरातीत '४५ मिनिटांची हमी' आहे. पाच देशांतल्या जोडप्यांनी घरी स्टॉपवॉच लावून केलेल्या संबंधाच्या वेळेच्या मोजणीत, जी २००५ साली प्रसिद्ध झाली, मधला आकडा ५.४ मिनिटं आला होता. धडधाकट माणसालाही आपण आजारी आहोत असं वाटावं, म्हणूनच तुम्ही ४५ लिहिता. शीघ्रपतन बरं करण्याचा दावा औषधावर करता येत नाही, असा दावा करायला मनाई असलेल्या आजारांच्या यादीत, म्हणजे औषध नियमांच्या परिशिष्ट 'जे'मध्ये, ते नावानिशी आहे. लैंगिक क्षमता वाढवण्याच्या औषधांच्या जाहिरातींवर १९५४ च्या कायद्यानं बंदी आहे.

आणि काल तुमचं उत्तर काय, तर पट्टी फोडली आहे, परतावा मिळणार नाही.

मला पूर्ण पैसे परत हवेत, 'गोपनीय पॅकिंग'चेही. डॉक्टरांचं नाव आणि नोंदणी क्रमांक हवा. यजमानांचा नंबर तुमच्या यादीतून काढा, सवलतीचे फोन अजून येताहेत. त्या फोनवर जे बोललं गेलं त्याची लेखी माफी त्यांच्या नावे पाठवा, माझ्या नाही. आणि फॉर्मात 'कधीपासून' आणि 'कुठली औषधं चालू आहेत' हे दोन रकाने घाला, म्हणजे दुसऱ्या कुणाच्या घरी रात्री बेसिनखाली रक्त पुसायची वेळ येणार नाही. तुम्ही एकही प्रश्न विचारला नाहीत, हे मी पुन्हा लिहिते आहे.

ई-कॉमर्स नियमांप्रमाणे ४८ तासांत पोच आणि महिन्याभरात निवारण व्हायला हवं. नाही झालं तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ वर तक्रार नोंदवेन, इथल्या जिल्हा ग्राहक आयोगात जाईन, आणि पट्टी, चिठ्ठी, जाहिरातीचा स्क्रीनशॉट औषध निरीक्षकांकडे देईन. दवाखान्याचं बिल जोडलं आहे.

फोन करू नका. जे काही असेल ते लेखी कळवा.

एक ग्राहक
राजेंद्र नगर, इंदूर