कोर्टाने सोडलं म्हणजे सगळं संपलं?

संपादक साहेब, नमस्कार. परवा ठाणे-वाशी लोकलमध्ये जोरदार वाद, एकजण म्हणे कोर्टाने निर्दोष सोडलं की ऑफिसवाले चौकशी लावूच शकत नाहीत. अहो तसं नाहीये! घटनेच्या कलम 20(2) मध्ये त्याच गुन्ह्यासाठी पुन्हा खटला आणि शिक्षा नाही एवढंच आहे, खात्याची चौकशी म्हणजे खटला नव्हेच. 1953 चा मकबूल हुसेन निकाल बघा, सांताक्रूझ विमानतळावर कस्टमने सोनं जप्त केलं, वर खटलाही भरला, सुप्रीम कोर्टाने सांगितलं चालेल, कस्टम म्हणजे कोर्ट नाही. निर्दोष सुटलेल्यावर परत तोच खटला नको हे मात्र आधी सीआरपीसी म्हणजे जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम 300 मध्ये होतं, आता तिच्या जागी आलेल्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 337 मध्ये आहे. तुम्हीच एकदा सोपं करून छापा ना, कोपरखैरणेला उतरेपर्यंत माझं कोणी ऐकलं नाही.

एक वाचक, कळवा